वाळू उडते म्हणून हे फूल टिकलंय

'वाळवंट हिरवं करा' टाइपचे मेसेज परत फिरायला लागलेत म्हणून लिहितोय. वाळू दिसली की झाडं लावा हे सगळीकडे चालत नाही, आणि याचं भारी उदाहरण म्हणजे कॅनडातलं अथाबास्का थ्रिफ्ट नावाचं छोटं फुलझाड.

सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेला, साधारण ५९ अंश अक्षांशावर, अथाबास्का सरोवराच्या दक्षिण काठाने सुमारे १०० किमी वाळूच्या टेकड्या पसरल्यात, काही ३० मीटर उंच, आणि आजूबाजूला चक्क पाईनचं जंगल! पाऊस नाही म्हणून झालेलं हे वाळवंट नाहीच. हिमयुगातल्या बर्फाने वालुकाश्म दळला, ती वाळू वितळलेल्या पाण्याच्या सरोवरात साठली, पाणी ओसरलं आणि वाऱ्याला आयतं रान मिळालं.

थ्रिफ्ट तसं समुद्रकाठचं रोप, ब्रिटनच्या कड्यांवर भरपूर. त्याची ही इंटेरिअर नावाची उपप्रजाती मात्र समुद्रापासून शेकडो किमी आत, जगात फक्त याच वाळूत. जमिनीलगत बारीक पानांचा दाट झुबका, मधून उभा सरळ दांडा, टोकाला बोराएवढा गुलाबी गेंद.

आता खरी गंमत. वारा वाळू सरळ वाहून नेत नाही, कण उड्या मारतात. वाऱ्याने कण उचलला की तो वरच्या जोरदार वाऱ्यात सापडतो, पुढे फेकला जातो, तिरका खाली आपटतो आणि आपटताना आणखी कण उडवतो, म्हणून एकदा सुरू झालं की वारा थोडा मंदावला तरी हे चालूच राहतं. बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश सैनिकी इंजिनिअरने १९३० च्या दशकात हे विंड टनेलमध्ये मोजलं. या उड्या जमतात बारीक वाळूला, खडे जड, ते जागीच राहतात. वाळू उडत गेली की खडे उघडे पडतात, जवळजवळ येतात आणि शेवटी खड्यांची फरसबंदी तयार होऊन खालची वाळू झाकली जाते. टेकड्यांच्या मधल्या अशा फरसबंदीवर थ्रिफ्ट वाढतं, कारण तिथे ते गाडलंही जात नाही आणि त्याची मुळंही उघडी पडत नाहीत.

म्हणजे वारा अडवला, जंगल वाढवलं, तर फरसबंदी बनणारच नाही आणि सावलीत हे रोप संपेल. मोकळी जमीन म्हणजे पडीक हा गैरसमज आपल्या कोकणातल्या सड्यांनाही (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांना) भोवतोय.

१९९२ पासून इथे प्रांतिक उद्यान आहे. रस्ता नाही, बोटीने नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचं. ते बरंच आहे, कारण खड्यांच्या त्या पातळ थरावरून एक गाडी गेली तरी खालची वाळू परत उडायला मोकळी होते.