जलप्रदाय, नागपूर

जलप्रदाय, नागपूर : नागपूर शहराचा नळाने होणारा पाणीपुरवठा, तसेच तो सांभाळणारा महानगरपालिकेचा विभाग, या दोहोंसाठी स्थानिक वापरात असलेली संज्ञा. राज्यातील इतर शहरांत सहसा ‘पाणीपुरवठा विभाग’ म्हणतात. ‘जलप्रदाय’ हा शब्द मध्य प्रांताच्या हिंदी-मराठी अशा दुहेरी कारभारातून टिकून राहिला असावा.

नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली; २ मार्च १९५१ रोजी ती महानगरपालिका झाली. नळ येण्यापूर्वी शहराची भिस्त विहिरींवर आणि जुम्मा तलाव (आताचा गांधीसागर), सक्करदरा, तेलंगखेडी अशा जुन्या तलावांवर होती.

नळयोजनेचा आरंभ अंबाझरी तलावापासून होतो, पण खुद्द तलाव केव्हाचा, याविषयी एकवाक्यता नाही. जुने नाव ‘बिंबाझरी’ असल्याचे सांगतात. इंग्रजी कागदपत्रांत ‘आंबाझेरी’ असेही रूप आढळते. ‘भोसल्यांच्या राजवटीत १८७० मध्ये बांधला’ हे विधान पर्यटन पुस्तिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र उतरले आहे. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे १८७० मध्ये भोसल्यांची राजवट नव्हतीच. यावर दोन मते संभवतात. एक, तलाव मुळातच इंग्रजी अमदानीतला व भोसल्यांचे नाव मागाहून चिकटलेले. दुसरे, नाग नदीच्या उगमाकडील ओढ्यावर भोसलेकालीन बांध होता आणि १८७० च्या सुमारास त्याची उंची वाढवून शहरासाठी जलाशय करण्यात आला. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. सरकारी अधिकारी व प्रतिष्ठित मंडळींना मातीच्या नळांतून पाणी मिळे ही आख्यायिका खरी असल्यास ती या जुन्या टप्प्याची म्हणावी लागेल. तसे असल्यास त्या सर्वत्र उतरलेल्या वाक्यात दोन बांधकामे एकाच सालात कोंबली गेली असावीत.

१८७० नंतरचे काम अलेक्झांडर बिनी या अभियंत्याचे. १८६८ मध्ये तो हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आला. नागपूरची योजना साधारण १८७३ पर्यंत पुरी झाली आणि तिच्यावरील निबंधासाठी लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला टेलफर्ड पदक दिले. पुढे लंडनचा मुख्य अभियंता म्हणून थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याने बांधला. जलविज्ञानात मात्र तो नागपूरमुळे ओळखला जातो. शहराजवळच्या सुमारे १६ चौ. किमी. पाणलोटात १८६९ व १८७२ या वर्षी पडलेला पाऊस आणि वाहून आलेले पाणी त्याने मोजले. त्यावरून बसवलेले प्रमाण ‘बिनीची टक्केवारी’ म्हणून अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अजून शिकवतात : वार्षिक पाऊस ५०० मिमी. असेल तर सुमारे १५ टक्के पाणी वाहून येते, १,००० मिमी. असेल तर ३८ टक्के. म्हणजे टक्केवारी अडीचपट; पण पाऊसही दुप्पट असल्याने प्रत्यक्ष पाणी जवळजवळ पाचपट. कारण आधीचा पाऊस कोरडी जमीनच पिऊन टाकते. हे कोष्टक दोनच वर्षांच्या नोंदींवर उभे असल्याने नागपूर परिसराबाहेर ते जपून वापरावे लागते.

विसाव्या शतकात वाढत्या वस्तीला अंबाझरी पुरेना. आधी गोरेवाडा तलाव, मग कन्हान नदी आणि शेवटी पेंच नदी असे उद्भव जोडले गेले. पेंचचे पाणी तोतलाडोह व नवेगाव खैरी या धरणांतून येते; आज शहराचा मुख्य आधार तेच. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहाची आवक घटली. जुलै २०१९ मध्ये ऐन पावसाळ्यात शहराला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले.

१ मार्च २०१२ पासून वितरण २५ वर्षांच्या करारावर ‘ऑरेंज सिटी वॉटर’ या खासगी कंपनीकडे आहे. चोवीस तास पाणी हे कराराचे उद्दिष्ट असले तरी अनेक जुन्या वस्त्यांत व बाहेरच्या लेआउटांत नळाला अजून ठराविक वेळीच पाणी असते. देयक मीटरवर, टप्प्यांच्या दराने आकारतात. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. २००९ च्या उपविधींनी दरवर्षी ५ टक्के दरवाढीची तरतूद केली. नळाला थेट टिल्लू पंप (पाणी खेचणारा छोटा विद्युत्पंप) लावण्यास मनाई असून उन्हाळ्यात जप्तीची मोहीम निघते. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवण्यास ‘शटडाऊन’ म्हणतात व त्याची सूचना मोहल्ल्यापेक्षा जलकुंभाच्या नावाने निघते; त्यामुळे आपले घर कोणत्या टाकीवर आहे हे नागपूरकराला ठाऊक असावे लागते. या काळात टँकरही मिळत नाहीत, कारण तेही त्याच टाक्यांवर भरतात. भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते.

तलावांकाठची उद्याने हा या व्यवस्थेचा उपफल म्हणता येईल. अंबाझरी उद्यान व तेलंगखेडी बाग ही त्यांतील परिचित. महाराजबाग मुळात भोसल्यांची; ती महापालिकेची नसून कृषी विद्यापीठाकडे आहे. गणेशविसर्जनास तलाव बंद करून कृत्रिम टाक्या ठेवतात.

अंबाझरीचे पाणी आता पिण्यासाठी घेतले जात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांत शंभर मिमी.हून अधिक पाऊस पडून तलाव सांडव्यावरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पूर आला. बांधाच्या मजबुतीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. त्या चर्चेतही बांधाचे वय बहुधा १८७० पासूनच मोजले गेले.