दारू सुटली, तळपायांची आग का सुटत नाही?

दारू सोडून दोन-तीन महिने झालेले असतात. झोप जागेवर आलेली असते, हातांची थरथर थांबलेली असते, घरचे पुन्हा विश्वासाने बोलू लागलेले असतात. पाय मात्र ऐकत नाहीत. रात्री तळव्यांची आग होते, अंगठ्यात कळ येते, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि चालताना पाय जमिनीवर न पडता कापसावर पडतोय असं वाटतं. काहींचं तर पीत असताना इतकं दुखतही नव्हतं. मग मनात येतंच, की सोडून मिळवलं काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला वैद्यकाने गेल्या सव्वादोनशेहून जास्त वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली, आणि त्यातल्या एका उत्तराने बरंच नुकसानही केलं असावं असं मला वाटतं.

पहिलं ठसठशीत वर्णन 1787 सालचं आहे. लंडनचे डॉक्टर जॉन कोकली लेटसम यांनी अतोनात पिणाऱ्यांचे पाय कसे होतात ते लिहून ठेवलं. पाय वाळलेले, कातडी हस्तिदंतासारखी गुळगुळीत आणि चकचकीत, तळवे इतके हळवे की बोट टेकवलं तरी रुग्ण किंचाळावा. आज दिव्याखाली असे पाय पाहणारा कोणीही हे वाचून ओळखेल. 1822 मध्ये बॉस्टनच्या जेम्स जॅक्सन यांनी याच दुखण्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांनी दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ मात्र ‘पिण्यामुळे होणारी सांधेदुखी’ असा होता. दुखतंय हे कळलं होतं, काय दुखतंय ते कळलं नव्हतं.

ते कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकांच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की कापलेल्या जागेच्या पुढचा भाग हळूहळू झडून जातो, कारण नसेचा तंतू जगतो तो त्याच्या मूळ पेशीच्या जिवावर. 1864 मध्ये फ्रान्सच्या लुई दुमेनिल यांनी मांडलं की हातापायांचा लुळेपणा नेहमी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येत नाही, खुद्द हातापायांच्या नसाच आजारी असू शकतात. आजार पायांच्या बोटांपासून का सुरू होतो याचा धागाही इथेच आहे. कमरेपाशी मूळ पेशी आणि अंगठ्यापाशी टोक, असा हा शरीरातला सर्वांत लांब तंतू. रसद तुटली की सर्वांत दूरचं टोक आधी वाळतं. म्हणून बधिरपणा आधी मोज्यासारखा पायांवर चढतो आणि बऱ्याच उशिरा हातमोज्यासारखा हातांत येतो. 1887 मध्ये रशियाच्या सर्गेई कोर्साकोव्ह यांनी नसांचा आजार आणि ढासळलेली स्मरणशक्ती एकाच रुग्णात दिसते हे नोंदवलं, आणि पायांचं दुखणं एकटं नसतं हेही कळून चुकलं.

यानंतरची एक घटना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1900 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि आसपासच्या भागात हातपाय बधीर झालेल्या, चालता न येणाऱ्या रुग्णांची रीघ लागली. सगळे बिअर पिणारे. डॉक्टरांनी निदान केलं की हा दारूचा परिणाम, आणि पुढे कुणी फारसं पाहिलं नाही. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना मात्र खटकलं. कडक दारू पिणारे धडधाकट आणि बिअर पिणारेच आजारी, हे कसं? शिवाय कातडी काळवंडलेली. त्यांनी बिअर तपासली, तर तिच्यात आर्सेनिक निघालं. बिअरसाठी वापरलेली साखर ज्या सल्फ्युरिक आम्लाने बनवली होती, ते आम्लच दूषित होतं. सहा हजारांहून जास्त लोक आजारी पडले, किमान 70 दगावले. पुढे 1930 मध्ये, दारूबंदीच्या काळात, अमेरिकेत दारूऐवजी प्यायल्या जाणाऱ्या आल्याच्या अर्कातल्या भेसळीने हजारोंचे पाय लुळे पडले, तेव्हाही बळी पडलेल्यांच्या वाट्याला सहानुभूती कमीच आली. ‘पितो ना, मग होणारच’ हे वाक्य तपासणी थांबवतं. दारू सोडलेल्या माणसालाही ते ऐकावं लागतं. त्याच्या पायांच्या मुंग्यांमागे मधुमेह, बी12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा एखादं औषधही असू शकतं, आणि हे सगळं रक्ततपासणीत आणि औषधांच्या यादीत शोधता येतं. म्हणून ती तपासणी मागून घ्यावी.

आता त्या नुकसान करणाऱ्या उत्तराकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावामध्ये ख्रिस्तियान आइकमान यांनी पाहिलं की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सावरतात. त्या कोंड्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे थायमिन, म्हणजेच जीवनसत्त्व बी1. 1936 मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. बेरीबेरी, म्हणजे बी1 च्या कमतरतेचा आजार, झालेल्या रुग्णाचे पाय आणि दारुड्याचे पाय यांतलं साम्य डोळ्यांत भरणारं होतं. नेहमी पिणारा जेवत नाही, जेवला तरी दारू आतड्यातून थायमिन नीट शोषू देत नाही, आणि शरीरातला साठा जेमतेम 30 मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवड्यांत संपणारा. 1935 मध्ये बॉस्टनच्या मॉरिस स्ट्रॉस यांनी याची थेट परीक्षा घेतली. रुग्णांना रोजची व्हिस्की चालू ठेवू दिली, सोबत सकस आहार, यीस्ट आणि बी जीवनसत्त्वं दिली. रुग्ण सुधारले. निष्कर्ष निघाला की दोष दारूचा नाही, उपाशीपणाचा आहे.

त्याच 1935 च्या जूनमध्ये, त्याच देशातल्या ॲक्रन गावी, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना, सुरू झाली. एकीकडे प्रयोग सांगत होता की खाणं सुधारलं तर पिणाऱ्याच्याही नसा सुधारतात. दुसरीकडे दोन पिणारी माणसं एकमेकांच्या आधाराने न पिण्याचा दिवस काढत होती. स्ट्रॉस यांचं निरीक्षण खोटं नव्हतं, थायमिनच्या कमतरतेचा वाटा खरोखर मोठा आहे. पण त्यातून ‘जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, बाकी चालेल’ अशी समजूत रुजली आणि ती अजून उखडलेली नाही. गोळ्या चालू आहेत या भरवशावर ग्लास चालू ठेवणारी माणसं आजही आहेत.

ती समजूत मोडायला 40 वर्षं लागली. 1970 च्या दशकात कोपनहेगनमध्ये चांगलं खाणाऱ्या मद्यपींच्याही नसांचे तुकडे तपासले गेले आणि तंतू झडलेले दिसले. 1995 मध्ये बार्सिलोनाच्या अभ्यासात नसांच्या हानीचं नातं आयुष्यभरात पोटात गेलेल्या एकूण दारूशी जुळलं. मग 2001 आणि 2003 मध्ये जपानमधल्या नागोयाच्या हारुकी कोइके आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना आपापली जागा दिली. थायमिन पुरेसं असूनही होणारा आजार सावकाश वाढतो, त्यात आग आणि वेदना जास्त, बारीक तंतू आधी जातात. थायमिनच्या कमतरतेचा आजार झपाट्याने वाढतो आणि त्यात ताकद जाते. बऱ्याच रुग्णांत दोन्ही एकत्र असतात. तेव्हापासून न पिणं हा नुसता उपदेश राहिला नाही, तो उपचाराचाच भाग झाला. (मात्र रोज खूप पिणाऱ्याने एकाएकी, स्वतःच्या मनाने दारू बंद करू नये. झटके आणि भ्रम जिवावर बेतू शकतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं.)

मग दारू बंद आहे, थायमिनही मिळतंय, तरी आग का? इथे नस वाढते कशी ते कळावं लागतं. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचं वाढणारं टोक पाहिलं, वाट चाचपत पुढे सरकणारं. तंतू अनुकूल परिस्थितीत दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. नडगीच्या वरच्या भागापासून अंगठ्यापर्यंत 40 सेंटिमीटर धरलं, तर 400 दिवस झाले. हा हिशेब पहिल्या महिन्यातच हातात असेल तर तिसऱ्या महिन्यातली निराशा पुष्कळ हलकी होते. माझ्या मते दारू सोडणाऱ्या प्रत्येकाला तो कागदावर लिहून द्यायला हवा.

नव्याने फुटलेले तंतू आधी कच्चे असतात. 1915 मध्ये, महायुद्ध चालू असताना, जर्मनीचे पॉल हॉफमन आणि फ्रान्सचे ज्यूल तिनेल यांनी परस्परांच्या नकळत एकच गोष्ट टिपली. जखमी सैनिकाच्या तुटलेल्या नसेवर हलकेच टिचकी मारली की पुढे मुंग्या येतात, आणि त्या येणं हे तंतू वाढत असल्याचं लक्षण असतं. ते निरीक्षण तुटलेल्या नसेचं होतं, दारूने झिजलेल्या नसांना ते जसंच्या तसं लावता येत नाही. पण मुंग्या वाढल्या म्हणजे आजार बळावलाच, असं धरून चालू नये एवढं तरी त्यातून घेता येतं. ताकद कमी होत असेल, पाऊल घसटत असेल, तोल जात असेल, तर मात्र थांबू नये, दाखवावं.

वेदनेवरचे उपचार लांबवणं हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. दारू तासभर वेदना बधीर करते, हे तो माणूस अनुभवाने जाणतो. रात्री दोन वाजता तळपाय पेटलेले असताना ती आठवण सर्वांत जवळची असते. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं आता उपलब्ध आहेत. ती नसा वाढवत नाहीत, पण रात्र निभावून नेतात. त्यांतल्या काहींची सवय लागू शकते, काही यकृत खराब असेल तर चालत नाहीत, म्हणून जुनं व्यसन डॉक्टरांपासून लपवायचं नाही.

औषधांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. 1948 मध्ये डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोब्सेन यांनी पुढे आणलेलं डायसल्फिराम, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी दिलं जाणारं औषध, अनेकांना पहिलं वर्ष पार करून देतं, पण त्यानेही काहींच्या नसा दुखावतात. ते चालू असताना बधिरपणा वाढला तर लगेच सांगायचं, मनानेच बंद करायचं नाही. आणि 1983 मध्ये हर्बर्ट शॉम्बर्ग यांनी दाखवलं की रोज काही ग्रॅम बी6 घेणाऱ्यांच्या संवेदनाच हरपल्या. ‘जीवनसत्त्वच आहे, दोन जास्त घेतल्या तर काय झालं’ हे नसांच्या बाबतीत खरं नाही.

रोजची काळजी साधी आहे. बधीर पायाला लागलेलं कळत नाही, म्हणून रात्री तळवे बघायचे, पाणी पायाने नव्हे तर कोपराने अजमावायचं, अनवाणी चालायचं नाही. बऱ्याच जणांची ताकद आणि चाल परत येते, काहींची पूर्ण, काहींची अर्धवट. घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडतं ती प्रतिक्षिप्त क्रिया अनेकदा कधीच परतत नाही. डॉक्टर हातोडी मारतात, पाऊल जागचं हलत नाही, आणि ते तसंच कागदावर लिहिलं जातं. जिना चढून आलेला माणूस ते वाचून घाबरतो, तेव्हा त्याला त्याचा अर्थ तिथल्या तिथे समजावून सांगायला हवा.