टक्का वाढला, पण मुलं कुठे गेली?

लॉकडाऊनमध्ये पोरांची डोकी बिघडली असं सरसकट बोललं जातं आणि पुरावा म्हणून अमेरिकेचा एक आकडा पुढे केला जातो. २०२० च्या मार्चनंतर ऑक्टोबरपर्यंत तिथल्या इमर्जन्सीत मानसिक त्रासासाठी आलेल्या मुलांचं प्रमाण २०१९ पेक्षा ५ ते ११ वयात साधारण २४ टक्क्यांनी आणि १२ ते १७ मध्ये ३१ टक्क्यांनी वाढलं. आकडा सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा आहे, खोटा नाही. पण ते प्रमाण आहे हो, संख्या नाही! संख्या तर मार्चच्या मध्यापासून धाडकन खाली आली होती. मैदानं बंद म्हणून हातपाय मोडणं कमी, शाळा बंद म्हणून सर्दी-ताप-जुलाब कमी, त्यात कोविडच्या भीतीने कोण हॉस्पिटलची पायरी चढतंय, त्यामुळे एकूण पेशंटच इतके घटले की मानसिक त्रासवाल्यांचा वाटा आपोआप मोठा दिसायला लागला.

मग हॉस्पिटलात न आलेली मुलं बरी होती का? तर तसंही नाही. एरवी मूल गप्प गप्प झालंय हे बऱ्याचदा आधी शिक्षकांच्या किंवा शाळेतल्या काउन्सेलरच्या लक्षात येतं, आणि तीच वाट बंद झाली होती.

खरा दणका नंतर बसला. २१ फेब्रुवारी ते २० मार्च २०२१ या चार आठवड्यांत आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयाने इमर्जन्सीत आलेल्या १२ ते १७ वर्षांच्या मुली २०१९ च्या त्याच काळापेक्षा ५०.६ टक्के जास्त होत्या. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये वाढ फक्त ३.७ टक्के. हा फरक एकट्या लॉकडाऊनच्या माथी मारता येत नाही, कारण किशोरवयीन मुलींचा आलेख त्याआधीची कित्येक वर्षं चढतच होता.

ॲनोरेक्सियाचंही (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं सोडण्याचा मानसिक आजार) तेच, खाणं तोडणाऱ्या मुलींची गर्दी वाढली. दिवसाची घडी विस्कटलेली, डबा खाताना सोबत मैत्रिणी नाहीत, हातात सतत फोन, आणि तपासणी व्हिडिओ कॉलवर. समुपदेशन व्हिडिओवर बऱ्यापैकी जमतं, पण वजन आणि नाडी कशी बघणार? दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली गेली की ॲडमिट करायची वेळ येते. आणि उपाशी शरीराला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदय गडबडू शकतं, म्हणून सुरुवातीला रोज रक्त तपासत हळूहळू कॅलरी वाढवाव्या लागतात. म्हणजे हे घरी भागणारं काम नाही, बेड लागतोच.

आणि बेडच नव्हते. मानसोपचार वॉर्डात दोघांच्या खोलीत एकच पेशंट ठेवायचा, कोविड टेस्टचा रिपोर्ट आल्याशिवाय आत घ्यायचं नाही, नर्स आजारी नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या. मग मूल इमर्जन्सीतच अडकून पडायचं, कधी दोन दिवस तर कधी आठवडाभरसुद्धा. तिथले लोक याला बोर्डिंग म्हणतात. खोलीतल्या वायरी, नळ्या काढून घेतलेल्या, बुटाच्या नाड्यासुद्धा जमा, दाराशी नजर ठेवायला एक माणूस, दिवे चोवीस तास चालू, आणि खरे उपचार जवळपास शून्य. (आधीच घाबरलेल्या पोराला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही, असं माझं मत.)

शेवटी १९ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या, बालमानसोपचारतज्ज्ञांच्या आणि बाल रुग्णालयांच्या संघटनांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याची राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. तोवर बहुतेक शाळा उघडल्या होत्या, बोर्डिंग मात्र चालूच होतं, कारण बेडची आणि बालमानसोपचारतज्ज्ञांची टंचाई कोविडच्याही आधीपासूनची.