नित्य अल्प सराव

चित्रकला, वादन, लेखन, विणकाम यांसारख्या सर्जनशील छंदाला रोज थोडा पण ठरावीक वेळ देऊन त्यात सातत्य आणण्याच्या पद्धतीस नित्य अल्प सराव म्हणता येईल. ही कल्पना जुनी आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक चित्रकार अपेलीस हा कितीही व्यग्र असला तरी एखादी रेषा काढल्याशिवाय दिवस जाऊ देत नसे, अशी नोंद रोमन लेखक थोरला प्लिनी याने केली आहे.

छंदामागे परीक्षेचा किंवा नोकरीचा तगादा नसल्यामुळे तो सवडीवर ढकलला जातो, आणि सवड मिळाली तरी आज बसायचे की नाही हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागतो. वेळ आणि जागा आधीच ठरलेली असली की हा प्रश्न उरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेला ‘जर–तर’ स्वरूपाचा संकल्प (उदा., जेवण उरकले की वही उघडायची) याच तत्त्वावर आधारलेला आहे.

सवय २१ दिवसांत लागते हा समज सर्वत्र पसरलेला असला, तरी त्याला भक्कम आधार नाही. फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर १२ आठवडे केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक कालावधी ६६ दिवस आला. मात्र नोंदींवरून गणिताने काढलेले व्यक्तिगत अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा आली नाही, हा त्यातील निष्कर्ष छंदिष्टांना ६६ या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण एक खाडा पडला म्हणून सारेच सोडून देणारे पुष्कळ असतात. तथापि त्या अभ्यासातील सवयी खाणे, पिणे व व्यायाम यांच्या होत्या. रोज कविता लिहिणे हे रोज पेलाभर पाणी पिण्याइतके यांत्रिक कधीच होत नाही. सवयीने माणूस वहीपर्यंत पोहोचतो, पुढचे काम त्यालाच करावे लागते.

विभागलेल्या सरावाचा लाभ ॲलन बॅडली व लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना नोंदवला. दिवसाला एकच तास शिकणाऱ्या गटाला एकूण तास सर्वांत कमी लागले. परंतु दिवस अधिक लागल्यामुळे सर्वांत असमाधानी तोच गट होता. अल्प सराव मध्येच सुटण्याचे एक कारण इथे दिसते: प्रगती होत असते, पण ती रोजच्या रोज जाणवत नाही. त्यामुळे जुन्या वह्या, ध्वनिमुद्रणे तारीख घालून जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

केवळ पुनरावृत्तीने कौशल्य वाढत नाही. अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हेतुपूर्वक सरावाच्या संकल्पनेत नेमका दोष हेरून त्यावरच काम करणे अभिप्रेत आहे. दहा मिनिटांत संपूर्ण रचना वाजवण्यापेक्षा तिच्यातील अडखळणाऱ्या दोन ओळी घोटणे त्या दृष्टीने योग्य होय.

प्रत्येक छंदाला ही पद्धत सारखी लागू पडत नाही. कुंभारकाम किंवा तैलरंग यांत मांडामांड आणि साफसफाई यांतच अर्धा तास जातो. तेथे रोजच्या वाट्याला पुढील आकृतीचे कच्चे रेखाटन ठेवून प्रत्यक्ष काम आठवड्यातून एकदा दीर्घ बैठकीत करणे अधिक सोयीचे असते.