डिस्क एक, दावेदार दोन

सर्व्हरच्या पोटात बसलेल्या डिस्कला ‘कोण बोलतंय?’ असं कधी विचारावं लागत नाही. केबलचं एक टोक मदरबोर्डला, दुसरं डिस्कला. मध्ये तिसरा कुणी घुसायची सोयच नाही. तीच डिस्क उचलून नेटवर्कच्या पलीकडच्या डब्यात ठेवली की कटकट सुरू होते. वायर निसटते, स्विच रिस्टार्ट होतो आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर गेला की भर दुपारी लाईट जाते ती वेगळीच. पलीकडच्या डब्याला दर वेळी ठरवावं लागतं, की आत्ता दार वाजवणारा मघाचाच आहे की कुणी नवा.

ही ओळख सांभाळायची जबाबदारी ड्रायव्हरची. लांबची डिस्क जवळची भासवणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग तो हाच. छोट्या-मध्यम धंद्यांत यासाठी आय-स्कझी ही पद्धत बरीच चालते. डिस्कला द्यायचे जुनेच स्कझी हुकूम टीसीपी या नेहमीच्या नेटवर्क-पद्धतीवरून पाठवायचे, सहसा ३२६० नंबरच्या पोर्टवर. तिचे नियम २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये एकत्र करून नव्याने लिहिले गेले. त्यातला सेशनच्या, म्हणजे सर्व्हर आणि पलीकडच्या डब्यातल्या एका जोडणीच्या, नंबराचा भाग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो, आणि नेमका तोच बहुतेक जण वगळून पुढे जातात.

हा नंबर ८ बाइटचा, पण तो देणारे दोघं. पहिले ६ बाइट सर्व्हर स्वतः ठरवतो. त्यांना आयएसआयडी म्हणतात. उरलेले २ बाइट स्टोरेज, म्हणजे तो पलीकडचा डबा, देतं, ते टीएसआयएच. लॉगिन करताना सर्व्हर आपले ६ बाइट भरतो आणि टीएसआयएचच्या जागी शून्य लिहितो. शून्य म्हणजे ‘मला नवं सेशन पाहिजे’. लॉगिन पुरं झालं की स्टोरेज तिथे शून्य सोडून दुसरा कुठलातरी आकडा भरून परत पाठवतं. १६ बिटांत असे ६५,५३५ आकडे बसतात.

गंमत म्हणजे या दोन तुकड्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. आयएसआयडी होता होईल तो बदलायचा नाही. स्टोरेजच्या लेखी सर्व्हरचं नाव आणि आयएसआयडी मिळून त्याचं ‘पोर्ट’ ठरतं (हे वरच्या ३२६० पेक्षा वेगळं). क्लस्टरमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून एकच डिस्क वापरतात तिथे, ‘ही डिस्क सध्या माझी’ म्हणून टाकलेलं रिझर्वेशन याच पोर्टच्या खात्यावर नोंदलेलं असतं. ड्रायव्हरने दर बूटला नवा आयएसआयडी काढला, तर सर्व्हरला स्वतःचंच रिझर्वेशन परकं होऊन बसेल. टीएसआयएचचं तसं नाही. तो त्या सेशनपुरता. सेशन मोडलं की त्याची किंमत संपली.

आता लाईट गेली असं धरू. सर्व्हरचा यूपीएस दम तोडतो आणि मशीन धाडकन बंद पडतं. जाताना लॉगआउट करायला वेळ मिळालेला नाही, त्यामुळे वेगळ्या यूपीएसवर चालू राहिलेल्या स्टोरेजकडे जुनं सेशन अजून जिवंतच आहे आणि त्याच्या अर्धवट कमांड तशाच पडून आहेत. थोड्या वेळाने सर्व्हर उठतो आणि लॉगिन पाठवतो: नाव तेच, आयएसआयडी तोच, टीएसआयएच शून्य. नियमाप्रमाणे त्याच नावाचं, त्याच आयएसआयडीचं, स्टोरेजच्या त्याच दाराशी एकच सेशन असू शकतं. मग स्टोरेजने नव्याला परत पाठवायचं? नाही. जुनं सेशन तिथल्या तिथे मोडायचं, त्याच्या लोंबकळणाऱ्या कमांड टाकून द्यायच्या आणि नव्याला आत घ्यायचं. याला सेशन रीइन्स्टेटमेंट म्हणतात. रात्री दोनला लाईट आली तरी सकाळी बिलिंग चालू मिळतं, कुणाला उठून बटण दाबावं लागत नाही, त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

हाच नियम मुळावर कसा उठतो, ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बघायला मिळालं. तिथलं बिलिंग एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर, चालायचं. काम वाढलं म्हणून त्याच मशीनची कॉपी काढून दुसरं उभं केलं. आयपी पत्ता बदलला, मशीनचं नाव बदललं आणि दिलं चालू करून. तेव्हापासून दोन्हीकडे डिस्क अडखळायला लागली. बिल सेव्ह करताना स्क्रीन काही सेकंद गप्प, मग पुन्हा सुरळीत. कॉम्प्युटर बघणारा पोरगा पार वैतागला होता. “सेशन एकच दिसतंय की ओ सर, चालू बी हाय. मग ह्याला काय धाड भरलीय?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लिनक्सचा ड्रायव्हर स्वतःपुरता तिसराच एक नंबर ठेवतो. तो साधा चढता असतो: बूट झाल्यानंतरचं पहिलं सेशन १, पुढचं २. कनेक्शन तुटून परत जुळलं तरी हा आकडा हलत नाही, कारण ड्रायव्हरच्या हिशेबी सेशन तेच असतं. मागे स्टोरेजकडे शंभरदा मोडतोड झाली तरी पडद्यावर आपला ‘सेशन १’च. खरी कथा लॉगमध्ये होती. ‘कनेक्शन १:०, डिटेक्टेड कॉन एरर १०२०’, खाली लगेच ‘ऑपरेशनल आफ्टर रिकव्हरी’, पुन्हा १०२०, पुन्हा रिकव्हरी, अशी पानंच्या पानं. १०२० चा अर्थ, समोरच्या बाजूने टीसीपी कनेक्शन बंद केलं. वायर किंवा स्विच खराब असता, तर ड्रायव्हर दर पाच सेकंदांनी ‘आहेस का?’ म्हणून जो पिंग पाठवतो, त्याला उत्तर आलं नाही अशी तक्रार दिसली असती. ती कुठेच नव्हती. म्हणजे कनेक्शन तुटत नव्हतं, तोडलं जात होतं.

तोडणारं होतं स्टोरेज, आणि तेही नियमाला धरून. आय-स्कझीत सर्व्हरचं नाव म्हणजे ‘आयक्यूएन’ने सुरू होणारी एक लांबलचक ओळ, आणि ती एका छोट्याशा फाईलमध्ये लिहिलेली असते. मशीनची कॉपी काढली की ही फाईलही जशीच्या तशी येते. निदान आयएसआयडी तरी वेगळा निघेल म्हणावं, तर लिनक्सच्या ओपन-आयस्कझी या आय-स्कझी सॉफ्टवेअरमध्ये त्याचे पहिले तीन बाइट सगळीकडे सारखेच, ००-०२-३डी. आणि मशीनच जुळं असल्यामुळे पुढचे आकडेही जुळले. दुसऱ्या मशीनने लॉगिन केलं की स्टोरेजला वाटायचं, पहिलंच बंद पडून परत आलंय. मग पहिल्याचं सेशन मोडायचं. पहिलं लगोलग परत लॉगिन करायचं, की दुसऱ्याची गच्छंती.

ड्रायव्हर सोशीक असल्यामुळे हे लवकर उघडकीला येत नाही. सेशन तुटल्यावर वरच्या थराला ‘डिस्क गेली’ असं सांगण्याआधी तो एरवी १२० सेकंद थांबतो. लाईटच्या खेळात ही सहनशीलता वरदान, पण इथे तिने दुखणं झाकून ठेवलं. मला विचाराल तर इशारा द्यायचं काम स्टोरेजचं आहे. एकाच नावाने दोन वेगळ्या आयपी पत्त्यांवरून आळीपाळीने लॉगिन येताना त्याला दिसत असतं; लॉगमध्ये एक खणखणीत ओळ टाकायला काय हरकत? कारण गोष्ट नुसत्या अडखळण्यावर थांबत नाही. दोन्ही मशीन एकाच डिस्कवर साधी फाईल सिस्टीम लावून लिहीत असतील, तर डेटाची वाट लागायला वेळ लागत नाही. तिथे उपाय सोपा निघाला. दुसऱ्या मशीनसाठी नवं आयक्यूएन तयार केलं, स्टोरेजच्या परवानगीच्या यादीत ते घातलं आणि त्याला वेगळी डिस्क काढून दिली.

ड्रायव्हरच्या आतल्या बाजूला आणखी एक भानगड असते. नंबर द्यायला फार अक्कल लागत नाही. तो पुन्हा वापरात कधी आणायचा, हे अवघड. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत चप्पल स्टँडवाल्याने ४० नंबरचा खण रिकामा दिसला म्हणून दुसऱ्याला दिला, आणि ४० चा जुना बिल्ला अजून कुणाच्या तरी खिशात असला, तर रात्री कुणाच्या चपला कुणाच्या पायात जातील सांगता येत नाही. ड्रायव्हरमध्ये असे ‘खिसे’ पुष्कळ. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या कमांडचा टायमर एरवी ३० सेकंदांचा असतो. सेशन संपलं तरी टायमर, रांगेतली कामं, दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असलेला कोड, यांच्याकडे त्याचा पत्ता उरलेला असू शकतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी सेशन यादीतून काढायचं, म्हणजे नव्या कुणाला ते सापडणार नाही, मग आधीच धरून बसलेले सगळे सोडेपर्यंत मोजदाद ठेवून थांबायचं, मेमरी आणि नंबर सगळ्यात शेवटी मोकळे करायचे.

हा क्रम चुकला की काय होतं, याचं ठळक उदाहरण २०२५ च्या मे महिन्यात समोर आलं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, २०२१ पासून केएसएमबीडी नावाचा फाईल सर्व्हर आहे. शॉन हीलन या संशोधकाला ओपनएआयच्या ओ३ या एआय मॉडेलच्या मदतीने त्यात एक दोष सापडला. सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२५-३७८९९. हा सर्व्हर ज्या फाईल शेअरिंगच्या पद्धतीवर चालतो, त्या एसएमबीच्या नव्या आवृत्त्यांत एकाच सेशनला एकापेक्षा जास्त कनेक्शन जोडता येतात. एका कनेक्शनवरून लॉगऑफ आला की सर्व्हर त्या सेशनच्या वापरकर्त्याची नोंद लगेच मोकळी करायचा, आणि त्याच क्षणी दुसऱ्या कनेक्शनवरचं काम तीच नोंद वाचत असू शकायचं. मोकळ्या झालेल्या मेमरीला असा हात लागला, तर हल्लेखोराला कर्नलमध्ये शिरायची वाट मिळू शकते. दुरुस्तीत नवं काही लिहावं लागलं नाही; लॉगऑफच्या वेळी नोंद मोकळी करणाऱ्या ओळी तेवढ्या काढून टाकल्या. ती नोंद आता सेशन पूर्ण मोडतानाच मोकळी होते.