किल्लारी भूकंप : पुनर्बांधणीतील लोकसहभाग

किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) येथील ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर, उस्मानाबाद (आता धाराशिव) व लगतच्या जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती-बांधणीत ग्रामस्थांना सामील करून घेण्याची पद्धत. भूकंपाची महत्ता ६·२ ते ६·४ सांगितली जाते. मृतांचा आकडा सुमारे ७,९०० ते ९,७०० असा साधनांनुसार बदलतो.

कारणाविषयी एकमत नाही. निम्न तेरणा जलाशयामुळे भूकंप झाला, असे काही अभ्यासक मानतात. तथापि किल्लारीजवळच्या उत्खननात व विंधनांत जुन्या भ्रंशाच्या (खडक सरकून पडलेल्या भेगेच्या) खुणा आढळल्याने भारतीय भूपट्टातील साठलेला ताण हे मूळ कारण असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते; जलाशयाचा हातभार नाकारता येत नाही, इतकेच. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात या भागात लहान धक्क्यांची मालिका झाली होती व ग्रामस्थांना ते धक्के जाणवले होते.

प्राणहानी मुख्यतः घरांच्या रचनेमुळे झाली. दगड-मातीची जाड भिंत म्हणजे आतला व बाहेरचा असे दोन थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थर जखडणारा आरपार दगड क्वचितच. धक्क्याने थर विलग झाले आणि माळवदाची (लाकडी तुळयांवरील मातीच्या सपाट छपराची) माती माणसांवर कोसळली. माळवद गळू नये म्हणून दरसाल नवी माती टाकली जाई, त्यामुळे भार वाढतच गेलेला. याउलट, खणाचे (खांब-तुळयांच्या गाळ्याचे) लाकडी खांब व तुळया पक्क्या होत्या तिथे भिंती पडूनही काही माळवदे उभी राहिली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबवलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली. तेथे आराखडे बहुधा अभियंत्यांचे व देणगीदारांचे. रुंद रस्त्यांच्या चौकटीत जुने गल्ली-वाडे विरले. खरा सहभाग दुरुस्तीच्या कामात दिसतो. त्यात घरमालक हप्त्यांनी मिळालेल्या पैशांतून स्वतः काम करून घेई: भिंतीत आरपार छिद्रे पाडून सळई-काँक्रीटचे बंध घालणे, माळवदाची माती कमी करणे. सुमारे १,३०० गावांत महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. त्या घरमालक, गवंडी व अभियंते यांच्यात दुवा होत्या. हे काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे होते. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर लातूरकडील स्त्रिया गुजरातेत अनुभव सांगण्यास गेल्या.