निसर्गाचे अंगभूत मूल्य

माणसाला उपयोग असो वा नसो, नदी, झाड, प्राणी, प्रजाती आणि सबंध परिसंस्था यांना स्वतःचे म्हणून मोल असते, असे मानणारी पर्यावरण नीतिशास्त्रातील संकल्पना. तिला स्वतोमूल्य असेही म्हणतात. दुसऱ्या कशासाठी तरी उपयोगी पडल्यामुळे एखाद्या गोष्टीला जे मोल येते ते साधनमूल्य. प्रस्तुत नोंदीत ही संकल्पना नाशिक परिसरातील उदाहरणांवरून मांडली आहे.

साधनमूल्याची भाषा मराठीत इतकी मुरलेली आहे की ती बोलताना जाणवतही नाही. पीक देत नाही ती जमीन ‘पडीक’. सुरगाणा-पेठच्या डोंगरांतून नार, पार, दमणगंगा या नद्या अरबी समुद्राकडे उतरतात. त्यांचे पाणी पूर्वेला वळवण्याचा विषय निघाला की ‘वाया जाणारे पाणी’ हे शब्द हमखास येतात. येवला-चांदवडकडची तहान खरी आहे, तिथल्या माणसाने पाणी मागणे रास्तच आहे. पण नदी समुद्राला मिळाली म्हणजे वाया गेली, हे त्या मागणीबरोबर गुपचूप आत येते. पार आणि दमण या नद्यांची नावे पांडवलेण्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि नारळाची 32,000 झाडे दान दिली. दान मोठेच, आणि तेही पुण्यासाठी. झाड मात्र तेव्हाही देण्याघेण्याची वस्तूच होते.

तत्त्वज्ञानाची स्वतंत्र शाखा म्हणून पर्यावरण नीतिशास्त्र 1970 च्या दशकात आकाराला आले. त्याआधी 1949 मध्ये अमेरिकी वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांचा ‘भूमी-नीती’चा विचार प्रसिद्ध झाला होता: माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांच्या समाजाचा माणूस हा मालक नव्हे, साधा सभासद आहे. 1973 मध्ये नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी निसर्गाचे मोल माणसाच्या उपयोगापलीकडे मानणारा ‘सखोल पर्यावरणवाद’ मांडला. त्याच वर्षी रिचर्ड राउटली या तत्त्वज्ञाने ‘शेवटच्या माणसा’चा प्रसिद्ध दाखला दिला. पृथ्वीवर एकच माणूस उरला आहे आणि मरण्यापूर्वी तो जमेल तेवढे सगळे जीवन नष्ट करतो. त्याने कोणाही माणसाचे नुकसान केलेले नाही. तरी त्याचे कृत्य वाईट वाटत असेल, तर मोल फक्त माणसाच्या सोयीत नसते, हे आपण मान्य केलेच.

हा दाखला अंजनेरीच्या पठारावर उभे राहून विचारला तर जास्त टोचतो. खरपुडी वर्गातली सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती 2006 मध्ये विज्ञानाला नव्याने माहीत झाली. तिच्या नावातच हा डोंगर आहे. या वर्गातील झाडे वर्षाचा बराच काळ जमिनीखाली कंदाच्या रूपात निजलेली असतात. पावसाळ्यात कोंब वर येतो आणि कंदिलासारखे फूल लागते. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासाने ओढलेली बारीक माशी आत सरकते आणि केसांमुळे तिला मागे फिरता येत नाही. फुलाचा काळ सरू लागला की केस मलूल होतात, माशी सुटते आणि जाताना परागांची पिशवी घेऊन जाते. हा सगळा व्यवहार बोटाच्या पेरापेक्षा फार मोठ्या नसलेल्या जागेत चालतो, आणि त्यात माणसाला कुठेही काम नाही. अंजनेरी ही हनुमानाची जन्मभूमी मानली जाते. गडावर वाहने नेणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव 2021 मध्ये पुढे आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी या झाडाचे आणि कड्यांवरच्या गिधाडांचे नाव घेतले. ज्याचा बाजारात काही भाव नाही अशा झाडासाठी माणसे उभी राहिली, ही नाशिकच्या सार्वजनिक जीवनातली मोलाची गोष्ट आहे.

गिधाडांच्या बाबतीत युक्तिवाद सहसा उपयोगावरून केला जातो: ती मेलेली ढोरे खाऊन रोगराई टाळतात. ते खरेच आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर गिधाडांच्या काही जातींची संख्या शंभरात दोन-चार उरावी इतकी खाली आली होती. त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलकडे खोरीपाडा येथे गिधाडांना सुरक्षित मांस मिळावे म्हणून खास जागा केली आहे. पण समजा, उद्या ढोरांची विल्हेवाट लावणारे यंत्र आले, तर गिधाड गेल्याचे दुःख नको का? अंगभूत मूल्य मानणाऱ्याचे उत्तर सरळ आहे: हवे. सफाईचे काम हा गिधाडाच्या असण्याचा एक परिणाम आहे, ते त्याच्या असण्याचे कारण नव्हे.

नाशिकमध्ये या संकल्पनेची खरी कसोटी गोदावरीवर लागते. इथे तिला गोदावरी म्हणणारे कमी. लोक ‘गंगेवर’ जातात. पूर आला की आकडे कोणी विचारत नाही, पात्रातल्या मूर्तीवरून ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं?’ असे विचारतात. कमरेला, छातीला, गळ्याला. एवढी जवळीक, एवढी भक्ती. पण भक्ती म्हणजे अंगभूत मूल्याची मान्यता, असे गृहीत धरणे ही या विषयातली सर्वांत मोठी गफलत आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी रामकुंडापाशी पुण्याचे साधन होते. साधन म्हटले की ते सोयीचे हवे. म्हणून 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्रातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट आले. भाविकाचा पाय घसरू नये, हा हेतू चांगलाच होता. पण त्या कुंडांना जिवंत झरे होते. एप्रिल 2016 मध्ये रामकुंड कोरडे पडले, तेव्हा स्नान आणि अस्थिविसर्जनाचे काय, याची काळजी झाली आणि पाणी बाहेरून आणून भरले गेले. झऱ्याचे काय झाले, हा प्रश्न त्यानंतर काँक्रीट काढण्याची मागणी करणाऱ्यांनी लावून धरला. त्यांची मागणी धर्माच्या विरोधात मुळीच नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच की नदीला तिचा तळ परत द्या.

पूररेषेचा प्रश्नही याच जातीचा. 2008 च्या पुरानंतर, पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या निळी व लाल रेषा हे शब्द नाशिककरांच्या तोंडी बसले, बहुधा ‘आपला प्लॉट रेषेत येतो का’ या काळजीने. नदीच्या बाजूने पाहिले तर ती रेषा तिच्या घराची हद्द आहे.

झाडांच्या बाबतीत भरपाईची कल्पना आड येते. महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. आधीपेक्षा हे खूप बरे. तरीही साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपे हा हिशेब वडाला बदलता येणारा सुटा भाग समजतो. रॉबर्ट इलियट यांनी 1982 मध्ये पुन्हा उभारलेल्या निसर्गाची तुलना हुबेहूब नकललेल्या चित्राशी केली, ती याच कारणाने: वस्तू सारखी दिसली तरी तिचा इतिहास तिच्यात नसतो. 2025 च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडे काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दुसरीकडे कितीतरी पट रोपे लावण्याचे आश्वासन मिळूनही लोक झाडांपाशी जमले. आश्वासन खोटे ठरेल ही भीती त्यात होतीच. पण ‘हीच झाडं’ हा आग्रहही होता.

कायद्यात ही संकल्पना हळूहळू उतरली आहे. 1992 च्या जैवविविधता कराराची प्रस्तावना जैवविविधतेच्या अंगभूत मूल्याच्या उल्लेखानेच सुरू होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रानम्हशींच्या आणि 2013 मध्ये आशियाई सिंहाच्या प्रकरणात मानवकेंद्री दृष्टी सोडून निसर्गकेंद्री दृष्टी घेण्याची भूमिका मांडली. मार्च 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवले. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. भारतीय कायद्यात मंदिरातली देवता व्यक्ती मानली जाते, तिच्या नावे जमीन असू शकते. पंचवटीत देवळापुढून वाहणाऱ्या नदीला मात्र तसे स्थान नाही.

संकल्पनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप भारतातूनच आला. निर्मनुष्य अरण्याची पाश्चात्त्य कल्पना इथे आणली तर तिची किंमत गरिबाला मोजावी लागते, असे रामचंद्र गुहा यांनी 1989 मध्ये दाखवून दिले. नाशिकला हे वेगळे सांगावे लागत नाही. मार्च 2018 मध्ये इथून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांमध्ये आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. नागली-वरईचे तुकडे कसणाऱ्या या माणसांना निसर्गाच्या विरुद्ध बाजूला उभे करणे अन्यायाचे आहे. वाघबारशीला वाघदेवाची पूजा करणारा कोकणा वा महादेव कोळी शेतकरी वाघाला भितो, त्याच्यापासून गुरे राखतो, आणि तरी रान त्याचेही आहे असे धरून चालतो. विद्यापीठातल्या चर्चेत निव्वळ उपयोग आणि निर्मनुष्य अरण्य या दोन्हींपलीकडची ही तिसरी जागा फार क्वचित सापडते.

निफाड, सिन्नरकडच्या उसात बिबट्याशी असे शेजारी राहणे रोजचेच झाले आहे. बिबट्याने माणसे मारली आहेत, त्यात लहान मुले आहेत. त्या घरापुढे अंगभूत मूल्याचा शब्द काढण्याआधी गप्प बसणेच माणुसकीचे. तरीही तोडणीच्या हंगामात कोयत्यापुढची पाचट सरकते आणि डोळेही नीट न उघडलेले बछडे सापडतात, तेव्हा तोड थांबते. वनकर्मचारी येतात, बछड्यांना तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवतात. शेजारी कॅमेरा लावून सगळे दूर जातात. पिल्ले हरवलेली मादी चवताळून वस्तीत शिरेल, ही धास्ती त्यामागे आहेच. रात्री मादी येते, कॅरेट हुंगते, पाडते, एकेकाला मानेला धरून उसाच्या दुसऱ्या फडात नेते. सकाळी कॅरेट रिकामे असते, आणि तोड पुन्हा सुरू होते.